काकवीच्या बरणीतला फेस

जुलै महिन्यात आठ-दहा दिवस पाऊस उघडीप न देता लागून राहिला होता आणि पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर पडल्याच्या बातम्या येत होत्या, त्या दिवसांत एका सकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या काकवीच्या बरणीचे झाकण एका बाजूने उचललेले दिसले. बरणी उजेडात धरून पाहिली. वरचा बोटभर थर पातळ झाला होता, मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे काचेच्या कडेकडेने वर चढत होते आणि पृष्ठभागावर पांढरट फेसाचे कडे धरले होते. वासात गुळाच्या गोडीबरोबर ताडीसारखा आंबूस दर्प होता. त्या थराखालची काकवी मात्र फेब्रुवारीत आणली होती तशीच काळसर तांबूस आणि दाट राहिलेली होती.

ही काकवी करवीर तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गुऱ्हाळातली. बरणी भरून देताना आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, म्हणाले होते, "पातळ उतरली की पावसाळ्यात बोलायला लागती बघ, म्हणून जरा घट्ट घेतली हाय." गेली २२ वर्षे मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि आबांच्या त्या एका वाक्यात जे आले आहे ते उलगडून सांगायला मला वर्गात दोन तास लागतात.

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे माहीत असते, की चुलवाणावरच्या काहिलीत रस उकळू लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात, ती काढून टाकतात आणि मग गुळव्या रसाकडे डोळे लावून उभा राहतो. काकवी साधारण १०५ अंश सेल्सियसच्या आसपास उतरवतात, आणि ढेपेचा गूळ हवा असेल तर ११८ अंशांच्या आसपास जावे लागते. इतक्या उष्णतेत उसावरून रसात आलेले यीस्ट जिवंत राहत नाही. तेव्हा माझ्या बरणीतले यीस्ट हे काकवी निवल्यानंतर हवेतून, भांड्यातून, चमच्यातून किंवा एखाद्या माशीच्या पायाला लागून आलेले असणार. त्याच्यापुढचे संकट उष्णतेचे नव्हते. ते तहानेचे होते.

काकवीत पाणी असते, पण ते साखरेने धरून ठेवलेले असते. साध्या पाण्यात वाढणारा जिवाणू काकवीत पडला, तर त्याच्या पेशीतले पाणी पटलातून बाहेर खेचले जाते आणि तो आतून सुकतो. अन्नशास्त्रात जिवाला प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या पाण्याचे एक माप आहे: शुद्ध पाण्यासाठी ते १, आणि मिठाच्या संपृक्त द्रावणात ०.७५. बहुतेक जिवाणूंची वाढ ०.९१ च्या खाली थांबते. माणसाच्या त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस सुमारे ०.८६ पर्यंत तग धरतो. याच्याही खूप खाली, ०.६५ च्या आतबाहेर, जी मोजकी मंडळी वाढू शकतात त्यांत झायगोसॅकॅरोमायसिस रूक्सी या यीस्टचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागते. मध, पाक, सुकामेवा, सोया सॉस अशा, आपण टिकाऊ समजतो त्या पदार्थांत ते आढळते. पावसाळी हवेतला ओलावा काकवीचा पृष्ठभाग शोषून घेतो, वरच्या थरातली साखर तेवढीच राहून पाणी वाढते, आणि हे माप थोडे वर सरकले की अशा यीस्टला जागा मिळते. खालच्या दाट थरात त्याचे काही चालत नाही. आबांनी काकवी घट्ट घेतली होती. कोल्हापूरच्या जुलैने ती वरून पातळ केली.

आता हे यीस्ट बाहेरच्या साखरेपुढे टिकते कसे? ते आपल्या पेशीत ग्लिसरॉल साठवते. बाहेर जितका ओढा, तितकेच ग्लिसरॉल आत, म्हणजे पाणी कुठेही खेचले जात नाही. ग्लिसरॉलची निवड मोठी विचारपूर्वक केल्यासारखी वाटते, कारण ते कितीही साठले तरी प्रथिनांच्या घडणीत ढवळाढवळ करत नाही. पण ते फुकट मिळत नाही. खाल्लेल्या साखरेतला मोठा वाटा वाढीसाठी न वापरता ग्लिसरॉल करण्यात घालवावा लागतो, आणि पटलातून झिरपून जाऊ नये म्हणून पुन्हा ऊर्जा खर्च करून ते आत धरून ठेवावे लागते.

प्रतिकूल ठिकाणी राहणाऱ्या सूक्ष्मजीवांबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात नेमकी ही खर्चाची बाजू सुटते, असे मला वर्षानुवर्षे वाटत आले आहे. उकळत्या झऱ्यात जिवाणू, मिठात जिवाणू, बर्फात जिवाणू, किरणोत्सर्गात जिवाणू, अशी यादी दिली जाते आणि वाचणारा थक्क होऊन पुढे जातो. विद्यार्थीही व्याख्या पाठ करतात. परंतु त्या जिवाने जुळवून घेताना काय दिले, आणि दिल्यावर त्याला परत येता येते का, हा प्रश्न विचारला की हा सगळा विषय एका धाग्यात येतो.

मिठाचे उदाहरण घेऊ. माझी आज्जी कोकणातून घाट चढून येणारी सुकी मासळी बाजारातून घेताना खारा बांगडा उलटासुलटा करून पाहत असे, आणि कुठे गुलाबी झाक दिसली की तो बाजूला ठेवत असे. ती गुलाबी झाक मिठात राहणाऱ्या आर्कियांची असते. आर्किया दिसायला जिवाणूंसारखे असले तरी वंशाने वेगळे आहेत. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये त्यांचा वेगळा गट दाखवून दिला. मिठागराच्या शेवटच्या वाफ्यात मीठ धरू लागते तेव्हा पाणी तांबूस होते ते बऱ्याच अंशी याच जिवांमुळे, आणि न धुतलेल्या खड्याच्या मिठाबरोबर ते थेट मासळीपर्यंत पोहोचतात. मिठाने इतर सगळे मारले जाते, यांना मात्र तिथे स्पर्धकच उरत नाही.

यांनी यीस्टच्या नेमकी उलट वाट धरली. बाहेरचे मीठ बाहेर ठेवून आत दुसरा पदार्थ साठवण्याऐवजी यांनी आतही मीठच भरून घेतले, फक्त सोडियमऐवजी पोटॅशियमचे, आणि तेही बाहेरच्या मिठाच्या तोडीस तोड. हिशोबाने ही वाट स्वस्त आहे, कारण ग्लिसरॉलसारखे पदार्थ बनवण्याचा खर्च वाचतो. पण इतक्या मिठात साधी प्रथिने गोळा होऊन निकामी होतात. म्हणून या आर्कियांची जवळजवळ सगळी प्रथिने बदललेली आहेत. त्यांच्या पृष्ठभागावर ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांचे ऋणभार दाटीने बसवलेले असतात, आणि ते भार मिठाच्या गर्दीतही पाण्याचे पातळ आवरण प्रथिनाभोवती धरून ठेवतात. एक पंप किंवा एक आवरण बदलून भागले नाही. घरातली एकूण एक वस्तू नव्याने घडवावी लागली.

ही किंमत मी दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना प्रत्यक्ष दाखवते. खड्याचे मीठ घेऊन २५ टक्के मिठाच्या माध्यमात संवर्ध लावायचा आणि वाट पाहायची. दोन-तीन दिवसांत काही दिसत नाही, आणि एखादा उतावळा विद्यार्थी नळी फेकून द्यायला निघतो. पण दोन-तीन आठवड्यांत द्रव गढूळ आणि डाळिंबी होतो. मग त्यातला थोडा दुसऱ्या नळीत घेऊन त्यात ऊर्ध्वपातित पाणी ओतायचे. बघता बघता गढूळपणा जातो, नळीच्या पलीकडचा हात स्वच्छ दिसू लागतो, आणि नळी तिरकी केली तर आतला द्रव पाण्यासारखा न वाहता खळीसारखा तार धरून सरकतो. ती तार म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेला डीएनए. प्रथिनांवरचे ऋणभार मिठाविना एकमेकांना दूर लोटतात, पेशीचे आवरण सुटते आणि पेशी विरघळून जाते. ज्या पाण्यात आपले बहुतेक जिवाणू सुखाने राहतात, त्या पाण्यात हे मरतात. दरवर्षी या क्षणी वर्ग शांत होतो, आणि खरे सांगायचे तर मीही.

लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा सगळे घरात अडकलेले होते आणि दूरध्वनीवर छायाचित्रे फिरत होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्या रंगामागे असेच लवणप्रिय आर्किया निघाले. पाण्याची पातळी घटली, खारटपणा वाढला, आणि त्यांचे रंगद्रव्य पाण्यात उतरले. पण लोणारला मिठाच्या जोडीला आणखी एक अडचण आहे. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरातले पाणी क्षारधर्मी आहे, सामू (पीएच) १० च्या आसपास. आपल्याकडचे ऊस बागायतदार माती परीक्षणाच्या कागदावर सामू ८.५ दिसला तरी काळजीत पडतात, आणि सामूच्या मापात एकेक पायरी दहापटीची असते, हे लक्षात घेतले म्हणजे १० चा अर्थ कळेल.

तिथे अडचण अशी येते, की जवळजवळ प्रत्येक पेशी आपली ऊर्जा मिळवते ती हायड्रोजन आयन पटलाबाहेर ढकलून आणि मग त्यांना धरणाच्या पाण्यासारखे एका दारातून आत सोडून. क्षारधर्मी पाण्यात बाहेर हायड्रोजन आयनांचा दुष्काळ असतो. तेथील जिवाणू सोडियम बाहेर टाकून त्याच्या बदल्यात हायड्रोजन आयन आत ओढणारी यंत्रणा सतत चालू ठेवतात, त्यामुळे पेशीच्या आतला सामू बाहेरपेक्षा सुमारे दोन पायऱ्यांनी खाली राहतो. काहींची शेपटी फिरवणारी मोटरसुद्धा सोडियमवर चालते. मात्र ही यंत्रणा सोडियम मिळत राहिले तरच चालणार. कपडे धुण्याच्या पावडरीत डाग काढण्यासाठी जी एंझाइमे असतात, त्यांतली कित्येक क्षारप्रिय बॅसिलस जिवाणूंकडून आलेली आहेत. साबणाचे पाणी क्षारधर्मी असते आणि त्यात टिकेल असे एंझाइम शोधायला दुसरीकडे कुठे जायचे?

आम्लाच्या बाबतीत एकच नाव घेते. जपानमधील होक्काइडो येथील उष्ण आम्लधर्मी मातीत सापडलेला पिक्रोफिलस सामू शून्याच्या जवळही वाढतो. त्याचे पटल इतके घट्ट आहे की आतला सामू ४.६ च्या आसपास राहतो, आणि तेच पटल बाहेरचे आम्ल कमी झाले, सामू ४ च्या वर गेला, की विस्कटू लागते.

उष्णतेसाठी मला लोणारइतके लांब जायची गरज पडत नाही. डिसेंबरच्या पहाटे आमच्या मळ्यातला शेणाचा आणि पाचटाचा ढीग वाफाळत असतो. लहानपणी आम्ही गारठलेले हात त्यावर धरत असू. फावड्याने फूटभर उकरले तर आत हात ठेववत नाही, आणि काड्यांवर राखेसारखी पांढरी भुकटी दिसते. ती राख नसून उष्णताप्रिय ॲक्टिनोमायसिटांची, म्हणजे बुरशीसारखे धागे धरणाऱ्या जिवाणूंची, वाढ असते. ढीग लावल्यावर आधी साधे जिवाणू कामाला लागतात, त्यांच्याच श्वसनाने ढीग तापतो, ४५ अंशांच्या पुढे ते स्वतःच त्या उष्णतेने मरतात, आणि मग ५० ते ६५ अंशांत राहणाऱ्यांची पाळी येते. साखर कारखान्यातल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ओलसर ढिगांतही हेच घडते. तिथल्या एका जिवाणूला १९७१ मध्ये थर्मोॲक्टिनोमायसिस सॅकॅराय असे नाव दिले गेले, म्हणजे नावातच साखर आली. त्याचे बीजाणू असलेली बुरशीदार बगॅसची धूळ पुन्हा पुन्हा श्वासात गेल्याने बगॅसोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. आपल्या जिल्ह्यात इतके कारखाने असताना जुन्या, बुरसलेल्या बगॅसमध्ये तोंडाला काही न बांधता काम करणारी माणसे दिसतात तेव्हा मला चैन पडत नाही.

या उष्णताप्रिय जिवांनी काय बदलले? अंड्यातला पांढरा बलक तापवला की घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही, तसे आपल्या प्रथिनांचे होते. त्यांच्या प्रथिनांत मात्र विरुद्ध भारांच्या जोड्या जास्त, सैल वेटोळी कमी आणि आतला भराव घट्ट असतो, त्यामुळे ती ताठ राहतात. थॉमस ब्रॉक यांना अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या उष्ण झऱ्यात सापडलेला आणि त्यांनी व हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेला थर्मस ॲक्वाटिकस ७० अंशांवर उत्तम वाढतो. त्याचे डीएनए बनवणारे एंझाइम १९७६ मध्ये वेगळे काढले गेले. कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या आणि १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवून देणाऱ्या पीसीआर या डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राला पुढे तेच एंझाइम सर्वांत उपयोगी पडले, कारण त्यात नमुना पुन्हा पुन्हा ९५ अंशांपर्यंत तापवावा लागतो. २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या नाकातून घेतलेल्या नमुन्यांची पीसीआर तपासणी याच जातीच्या एंझाइमांवर चालली होती. पण हे एंझाइम आपल्या शरीराच्या ३७ अंशांवर ठेवा, ते रेंगाळते. जो ताठपणा त्याला ९५ अंशांत वाचवतो, तोच थंडाव्यात त्याला हलू देत नाही. एंझाइमाचे काम म्हणजे सतत थोडे उघडणे-मिटणे असते, आणि त्यासाठी लागणारी लवचिकता त्याने उष्णतेसाठी गहाण टाकलेली असते.

थंडीत राहणाऱ्यांनी याच्या उलट केले. त्यांची प्रथिने सैल असतात, शून्याजवळही हलती राहतात, आणि साध्या खोलीच्या उष्णतेतही त्यांतली काही उलगडून जातात. पटलाचे गणितही तसेच आहे. जानेवारीत खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि शेजारची शेंगतेलाची बरणी पातळ राहते, कारण शेंगतेलात असंतृप्त मेदाम्ले जास्त असतात. थंडीतले जिवाणू आपल्या पटलात अशीच मेदाम्ले वाढवतात, आणि अतिउष्णतेतले आर्किया पटलाच्या दोन्ही थरांतल्या साखळ्या आरपार जोडून टाकतात, म्हणजे थर सुटायलाच नको. त्यांच्या डीएनएलाही उलट गायरेज नावाचे एंझाइम जादा पीळ देते. दोरी वळताना पीळ जास्त पडला की पेड सहज सुटत नाहीत, हे कासरा वळलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे, आणि तो मला माझ्याच एका चुकीने समजला. पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी एकदा ५० नळ्या माध्यम भरून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, ठेवल्या, दाबाचा काटा १५ पौंडांवर आला, २० मिनिटे मोजली आणि समाधानाने बाहेर काढल्या. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या बऱ्याच गढूळ झाल्या. झाकण लावल्यावर आतली हवा पुरती बाहेर न घालवताच मी झडप बंद केली होती. वाफेत हवा मिसळलेली असली तर दाब तेवढा दिसतो, पण उष्णता १२१ अंशांपर्यंत पोहोचत नाही. वाचले होते ते बॅसिलस गटातल्या जिवाणूंचे बीजाणू. बीजाणूच्या गाभ्यातले पाणी बरेचसे काढून टाकलेले असते, त्यात कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल भरलेले असते, डीएनएभोवती लहान प्रथिने घट्ट बसलेली असतात. पण बीजाणू जगत नसतो. तो खात नाही, वाढत नाही, विभागत नाही. टिकण्यासाठी त्याने जगणेच थांबवलेले असते, आणि ही मला ठाऊक असलेली सर्वांत मोठी किंमत आहे.

याच्या शेजारी २००३ मधला एक शोध ठेवून पाहावा. प्रशांत महासागराच्या तळाशी असलेल्या उष्ण पाण्याच्या धुराड्यातून काढलेला एक आर्किया १२१ अंशांवर, म्हणजे आम्ही ज्या उष्णतेला निर्जंतुकीकरण म्हणतो तिच्यात, वाढून एका दिवसात दुप्पट झाला. त्याला नावही 'स्ट्रेन १२१' असेच पडले. पुढे २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या तळातल्या कैरेई क्षेत्रातून मिळवलेला मेथॅनोपायरस कँडलेरी सुमारे २०० वातावरणांच्या दाबाखाली १२२ अंशांवर वाढवून दाखवला. माझ्या नळ्यांतले बीजाणू उष्णता सोसत होते. हे उष्णतेत संसार करतात. पण स्ट्रेन १२१ ला ८५ अंशांच्या खाली वाढता येत नाही. आमच्या चहाच्या कपातसुद्धा त्याची वाढ थांबेल.

आता किरणोत्सर्गाचे. डायनोकोकस रेडिओड्युरन्स १९५६ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात सापडला तो मांसाच्या डब्यात. डबा गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्याचे समजले होते, आणि मांस तरीही नासले. किरणोत्सर्गाची मात्रा ग्रे या एककात मोजतात, आणि माणसाला सुमारे ५ ग्रे मात्रा प्राणघातक ठरते. हा ५,००० ग्रे सहज पचवतो. इतक्या मात्रेत त्याचा डीएनए शेकडो तुकड्यांत तुटतो आणि काही तासांत पुन्हा जोडला जातो. जनुकसंचाच्या अनेक प्रती जवळ असल्याने एका प्रतीचा तुटलेला भाग दुसरीवरून जुळवता येतो, आणि मँगनीजची संयुगे दुरुस्ती करणारी प्रथिनेच वाचवून ठेवतात. पण इतका किरणोत्सर्ग पृथ्वीवर नैसर्गिकपणे कुठेच नाही, मग हा जीव त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकला कुठे? १९९६ मध्ये मॅटिमोर आणि बॅटिस्टा यांनी दाखवले, की या जिवाणूचे जे उत्परिवर्ती प्रकार किरणोत्सर्गाला बळी पडतात ते वाळवण्यालाही बळी पडतात. पेशी सुकली की डीएनए तसाच तुटतो. म्हणजे त्याने तयारी केली होती ती कोरडेपणाची, आणि किरणोत्सर्गात तीच कामाला आली. काकवीतली तहान आणि हा कोरडेपणा जवळचे नातलग आहेत, म्हणून मी हे प्रकरण वर्गात नेहमी काकवीनंतर घेते.

हे सगळे बदल पेशीत आले कसे, हा प्रश्न १९ व्या शतकातच एका इंग्रज धर्मोपदेशकाने प्रयोगाने हाताळला. विल्यम डॅलिंजर यांनी १८८० पासून सुमारे सात वर्षे एका उपकरणात सूक्ष्म कशाभिकायुक्त, म्हणजे चाबकासारख्या शेपटीने पोहणारे, जीव वाढवले आणि उष्णता अगदी हळू हळू वाढवत ६० अंश फॅरेनहाइटवरून, म्हणजे सुमारे साडेपंधरा सेल्सियसवरून, १५८ फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे ७० सेल्सियसपर्यंत नेली. मध्ये काही टप्प्यांवर जीव मरू लागत, तेव्हा ते महिनोनमहिने तिथेच थांबत. केंद्रक असलेल्या पेशींची मर्यादा आज सुमारे ६० अंश सेल्सियस मानली जाते, त्यामुळे त्यांचा शेवटचा आकडा मला जरा जास्त वाटतो. तरी त्यांच्या नोंदीतली एक गोष्ट मनात बसली आहे: ७० अंशांना सरावलेले ते जीव पुन्हा ६० फॅरेनहाइटच्या मूळ पाण्यात सोडले तेव्हा मेले. १८८६ मध्ये अपघाताने उपकरण नष्ट झाले आणि प्रयोग तिथेच संपला.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी हाच प्रश्न जनुकांच्या पातळीवर पाहता आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच ई. कोलाय जिवाणूपासून ११५ वेगवेगळे संवर्ध सुरू करून ते ४२.२ अंशांवर २,००० पिढ्या, म्हणजे सुमारे वर्षभर, वाढवले. शेवटी जनुके वाचली तेव्हा नेमके तेच बदल दोन संवर्धांत क्वचितच आढळले, पण ज्या जनुकांत बदल झाले ती पुन्हा पुन्हा तीच होती. आणि त्यांत दोन वाटा ठळक होत्या. काहींनी आरएनए बनवणाऱ्या यंत्रणेत बदल केला, काहींनी ते काम थांबवणाऱ्या 'रो' या प्रथिनात. ज्यांनी एक वाट धरली त्यांनी सहसा दुसरी धरली नाही. याच संवर्धांवर पुढे झालेल्या कामात दिसले, की वाट वेगळी तशी इतर तापमानांत मोजावी लागणारी किंमतही वेगळी.

मात्र सगळे बदल असे एकेक अक्षराने होत नाहीत. लवणप्रिय आर्कियांच्या पूर्वजांकडे जिवाणूंकडून सुमारे १,००० जनुके आली असावीत, असा निष्कर्ष जनुकसंचांच्या तुलनेतून निघाला आहे. ती एका दमात आली की थोडी थोडी, यावर मतभेद आहेत. नवे घर बांधताना शेजाऱ्यांचे साहित्य वापरले गेले, एवढे नक्की.

बरणीतल्या यीस्टकडे परत येते, कारण ते माझ्या म्हणण्याला थोडा छेद देते. मिठातले आर्किया मिठाला बांधले गेले, स्ट्रेन १२१ उष्णतेला बांधला गेला. पण झायगोसॅकॅरोमायसिस साखरेला तसे बांधलेले नाही. साध्या, कमी साखरेच्या माध्यमातही ते वाढते. मग काकवीसारख्या कठीण जागीच ते का भेटते? कारण पातळ रसात त्याच्याहून झपाट्याने वाढणारे इतर यीस्ट आणि जिवाणू त्याला पुढे जाऊ देत नाहीत. त्याच्या बाबतीत किंमत पेशीच्या आत वसूल होत नाही, बाहेरच्या स्पर्धेत होते. हा फरक मी इतकी वर्षे वर्गात सांगत नव्हते, यंदापासून सांगू लागले आहे.

त्या दिवशी बरणीच्या वरच्या थरातला एक थेंब काचपट्टीवर घेतला, मिथिलीन ब्ल्यूने रंगवला आणि महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. अंडाकृती पेशी, बऱ्याचशा मुकुलासह, म्हणजे वाढत असलेल्या. निळ्या पडलेल्या, म्हणजे मेलेल्या, थोड्याच. मग तळातल्या दाट काकवीचा थेंब पाहिला. दोन-तीन पेशी दिसल्या, त्याही आक्रसलेल्या आणि मुकुलाविना. जातीचे नाव नक्की सांगायला पुढच्या चाचण्या कराव्या लागतील, आणि त्या लावल्या आहेत. वरचा थर काढून टाकून उरलेली काकवी मी पुन्हा उकळून घट्ट केली आणि कोरड्या बरणीत भरली.

आबांना दूरध्वनी करून हे सांगितले तेव्हा त्यांनी बरणी कुठे ठेवली होती ते आधी विचारले. मोरीशेजारच्या फळीवर, असे मी म्हणाले. दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटले की काहिलीतून उतरल्या उतरल्या, वाफ्यातून आणि भरायच्या डब्याच्या तोंडावरून, असे तीन ठिकाणचे नमुने घ्यायला दोन विद्यार्थिनींना घेऊन गावी जायचे ठरले आहे. निर्जंतुक नळ्या मी स्वतः भरणार आहे, हवा पुरती घालवून.